चिखलाची गाडी आणि आईची फळी

आमच्या ह्यांच्या मोबाईलमध्ये एक ग्रुप आहे. ज्यांच्याकडे चार जाड चाकांची चिखलातली गाडी आहे, ते सगळे त्यात. कुणी कर्जतकडचा, कुणी नगरकडचा. कुणाचं फार्महाऊस आहे, कुणाचा ऊस आहे. दर रविवारी संध्याकाळी एकेक मालक आपला अनुभव लिहितो. गाडी किती खोल गेली, कशी बाहेर आली, इंजिन किती तापलं, पट्टा कितीदा तुटला. गेल्या महिन्यात ह्यांनीही आपला अनुभव लिहिला. मी तो वाचला. चौथीपर्यंतच शिकले, त्यामुळे अजून ओळीखाली बोट धरून वाचते. त्याचा फायदा असा की एकही शब्द सुटत नाही. ह्यांच्या अनुभवात सगळं होतं. फक्त जे झालं ते नव्हतं.

म्हणून नातवाच्या जुन्या वहीची कोरी पानं घेऊन बसले आहे. मी बोलत नाही, हे चाळीत सगळ्यांना माहीत आहे. लिहिते, हे कुणाला माहीत नाही. ते तसंच बरं आहे.

आधी गाडी कशी असते ते सांगते. तिला एटीव्ही म्हणतात. हँडल मोटारसायकलचं, चाकं ट्रॅक्टरच्या पोराची आणि स्वभाव रेड्याचा. तिला नंबरप्लेट मिळत नाही, म्हणजे रस्त्यावर चालवायची नाही. ती रानात चालवायची, चिखलात चालवायची, शिकारीला न्यायची. आम्ही राहतो लालबागला. इथे रान नाही, शिकार नाही, आणि जो आहे तो रस्ता. हे सगळं विचारात घेऊन ह्यांनी गाडी घेतली.

ह्यांची नोकरी एका रसायनाच्या कंपनीत झाली. सगळं आयुष्य शिफ्टमध्ये. फर्स्ट, सेकंड, नाइट. रिटायर झाल्यावरसुद्धा घरात "माझ्या फर्स्टला चहा, सेकंडला जेवण" असंच चालायचं. दुसऱ्या मजल्यावरचे भावोजी त्याच कंपनीतले, ह्यांच्याच डिपार्टमेंटचे, दोन वर्षं आधी रिटायर झालेले. दोघांनी मिळून काहीतरी करायचं ठरवलं होतं. इतर लोक रिटायर झाल्यावर भजनी मंडळात जातात किंवा मणक्याला पट्टा लावतात. हे दोघं मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघत बसले. त्यात दाढीवाले जाडे पुरुष ठिपक्याठिपक्यांचे हिरवे कपडे घालून गुडघाभर चिखलातून गाडी काढतात, आणि मागे मेलेलं हरीण बांधलेलं असतं. भावोजी म्हणायचे, "ह्याला लाइफ म्हणतात बघ." त्यावेळी ते आमच्या दारात लुंगीवर बसून लसूण सोलत होते. त्यांच्या घरच्या वहिनींनी सोलायला दिलेला.

गाडी कर्जतकडच्या कुणाच्या तरी फार्महाऊसवरून आली, जुनीच. टेम्पोतून उतरवली आणि आमच्या खोलीसमोर, जिन्याखाली ठेवली. नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली, चाकाखाली लिंबू चिरडायचं म्हणून गाडी हातभर पुढे घेतली. पहिल्या तीन महिन्यांत ती जेवढी चालली त्यात हा हातभर प्रवास सगळ्यात लांबचा.

हँडलच्या पुढे दोन वाकडे हात असलेली एक दांडी आहे. ती बंदूक ठेवायला असते. ह्यांनी तिथे छत्री ठेवली. मी एकदा त्यावर फरशी पुसायचं फडकं वाळत घातलं, तर ह्यांनी दोन दिवस अबोला धरला. ते दोन दिवस मला बरे गेले.

गाडीच्या पुढे एक विंच असते. म्हणजे लोखंडी दोराची गुंडाळी आणि त्याला मोटर. गाडी चिखलात रुतली की दोर लांबच्या झाडाला बांधायचा आणि बटण दाबायचं, गाडी स्वतःला ओढून बाहेर काढते. ग्रुपवर सगळ्यांच्या विंचचे व्हिडिओ यायचे. आपलीही चालते का बघू म्हणून एका सकाळी दोघांनी दोर काढला आणि आसपास झाड नाही म्हणून जिन्याच्या लाकडी खांबाला बांधला. चाळ शंभरीला आलेली. बटण दाबलं. गाडीला ब्रेक लावलेला होता, त्यामुळे गाडी हलली नाही. खांब हलला. वरच्या कठड्याचा एक दांडा निखळून खाली पडला आणि त्यावर वाळत घातलेली कुणाची तरी बनियन भावोजींच्या डोक्यावर आली.

चाळीचे सेक्रेटरी दात घासताघासता बाहेर आले. "अहो, जिना आहे तो! झाड नाही!"

"टेस्टिंग चाललंय, टेस्टिंग," भावोजी म्हणाले.

"कशाचं? जिन्याचं?"

"विंचचं."

"मग लाइफ इन्शुरन्सची फाइल घेऊन बसा खाली. वर माझी आई आहे ब्याऐंशी वर्षांची."

त्यानंतर जिन्याला दोर बांधू नये अशी नोटीस फळ्यावर लागली. ती अजून आहे. नवीन माणूस आला की ती वाचतो आणि आमच्या चाळीत जनावरं पाळतात का, असं विचारतो.

खरं दुःख वेगळंच होतं. ग्रुपवर बाकीच्यांच्या गाड्या चिखलाने माखलेल्या असायच्या आणि आमची नवऱ्यामुलासारखी स्वच्छ. ह्यांना त्याची लाज वाटू लागली. एका दुपारी मी नळावर गेले तर दोघं बादलीत माती कालवत होते. कुंड्यांतली लाल माती, दादरच्या नर्सरीतून पिशवीने आणलेली. ती ह्यांनी चाकांना, पत्र्याला आणि थोडी स्वतःच्या गालालाही लावली. भावोजींनी फोटो काढला. खाली लिहिलं, "कोकणातला रविवार." दहा मिनिटांत नगरच्या एका मालकाचं उत्तर आलं, "कोकण छान आहे. मागे कॉमन नळ दिसतोय."

मग खऱ्या चिखलाला पर्याय राहिला नाही. शिवडीच्या पलीकडे खाडी आहे, ओहोटीला तिथे मैलभर चिखल उघडा पडतो. शिकारीचाही प्रश्न सुटला. हरणाला बंदी आहे, डुकराला बंदी आहे, पण चिंबोरीला बंदी नाही. ह्यांनी ठिपक्यांची पँट आणली, भावोजींनी शिकारीची टोपी, तीही ठिपक्यांची. हरणाच्या जागी खेकडा आला तरी टोपी तीच चालते.

आता फळीबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट तिच्यामुळे मी लिहिते आहे.

माझं माहेर शीव कोळीवाड्याचं. आई खाडीच्या चिखलात निवट्या मासळी आणि चिंबोऱ्या धरायची. खाडीचा चिखल चालायला देत नाही, माणूस मांडीपर्यंत आत जातो. त्यासाठी आईकडे एक फळी होती. माणसाच्या उंचीपेक्षा थोडी कमी लांब, वीतभर रुंद, पुढच्या टोकाला किंचित वर वळलेली. एक गुडघा फळीवर टेकायचा, दोन्ही हातांनी पुढची कड धरायची आणि दुसऱ्या पायाने मागे चिखल ढकलत सरकायचं. नीट जमलं तर चिखलावरून माणूस तव्यावरच्या तेलासारखा जातो. चौथी झाली आणि माझी शाळा सुटली, कारण शाळा रोज एकाच वेळी भरते आणि ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते. आईला हात हवे होते. आठ वर्षं मी तिच्यामागे चिखलात होते. तिची ती फळी लग्नात माझ्याबरोबर आली.

लग्नाचं म्हणाल तर हे आमच्या गल्लीत मित्राकडे यायचे. बोलले तेच. मी मान खाली घातली, ती त्यांनी होकार म्हणून घेतली. सासूबाई मालवणच्या. फळी बघून म्हणाल्या, "रुखवतात पाट देतत गो, ह्यां काय? होडी मोडून हाडलंस?" सगळे हसले. मीही हसले. फळी स्वयंपाकघराच्या भिंतीला आडवी ठोकली गेली आणि चौतीस वर्षं तिच्यावर लोणच्याच्या, मिठाच्या, मसाल्याच्या बरण्या राहिल्या. ती कसली, कुठली, कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आई गेल्यावर तिचं म्हणून माझ्याकडे तेवढंच राहिलं. तिच्या गुडघ्याने फळीला एका जागी खळगा पडला आहे. त्या खळग्यात मी कायम हळदीची बरणी ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या कुणाचं काही तिथे बसू नये.

शनिवारी संध्याकाळी भावोजी स्वयंपाकघरात आले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "अरे, ही घे ना. टेम्पोत चढवायला एक फळी कमी पडतेय."

ह्यांनी बरण्या उतरवायला सुरुवात केली. हळदीची आधी.

मी म्हटलं, "अहो..."

"अगं, उद्या संध्याकाळी परत ठोकून देतो. मोडत नाही काय, चांगली जाड आहे."

"गाडी जड आहे."

"फळीपण जड आहे," भावोजी म्हणाले. इंजिनिअरिंग असं असतं.

तोंडात शब्द होते, पण माझ्याकडे शब्द तोंडापर्यंत येतात आणि तिथून परत आत जाऊन बसतात. फळी बाहेर पॅसेजमध्ये गेली. मी रात्री उठून तिच्यावर जुनी सतरंजी टाकली. गाडीचं चाक गेलंच तर सतरंजीवरून जाईल, एवढीच माझी तरतूद.

त्याच संध्याकाळी दुसरी गोष्ट झाली. ह्यांनी मोबाईलवर भरती-ओहोटीची वेळ काढली आणि मोठ्याने वाचली. "ओहोटी सकाळी आठ. भरती दुपारी दोन."

"म्हणजे आठ ते दोन ओहोटी," भावोजी म्हणाले. "फुल शिफ्ट. दोनला भरती ड्यूटीवर येणार."

"मग घाई नाही. साडेनऊला पोचू. दोनच्या आत निघायचं."

चाळीस वर्षं भोंग्यावर जगलेल्या माणसांनी समुद्रालाही हजेरीपत्रक दिलं. मी पीठ मळत होते. मला माहीत होतं की आठला पाणी सगळ्यात खाली असतं आणि आठ वाजून एक मिनिटाने ते परत यायला निघतं. ते दोनपर्यंत कुठे बसून विडी ओढत नाही. शिवाय पौर्णिमा होऊन दोन दिवस होणार होते, म्हणजे उधाणाचं पाणी. हे मला दहाव्या वर्षापासून माहीत आहे. मी परत म्हटलं, "अहो, पाणी..."

"पाण्याची बाटली घे दोन," हे म्हणाले. "आणि डब्यात घावणे. तू येणार आहेस ना, शूटिंग कोण काढणार?"

मी घावण्यांचं पीठ भिजवलं. ही माझी चूक. ती ग्रुपवरच्या अनुभवात आली नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

रविवारी साडेनऊला टेम्पोने आम्हाला खाडीच्या बांधावर सोडलं. फळी उताराला लावली. गाडी तिच्यावरून उतरताना मी डोळे मिटले. काडकन आवाज झाला नाही. उघडून बघितलं, सतरंजी फाटली होती, फळी तशीच होती. टेम्पोवाला आपली फळी टेम्पोत टाकून, दोनला येतो म्हणून चहाला गेला. बांधावर पाटी होती, वाहने नेण्यास मनाई. भावोजींनी ती वाचली आणि म्हणाले, "वाहन म्हणजे नंबरप्लेटवालं."

पहिली तीस-चाळीस पावलं गाडी झकास गेली. बांधाजवळचा चिखल वरून सुकलेला असतो. ह्यांनी हँडल धरलेलं, भावोजी मागे, टोपी डोक्यावर, हातात चिंबोरीसाठी आणलेला कपडे वाळत घालायचा लोखंडी आकडा. चिखल दोन्ही बाजूंनी उडत होता. दोघं ओरडत होते. मी मोबाईल धरून उभी होते आणि खरं सांगायचं तर एवढं खूश मी ह्यांना मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मग चिखलाचा रंग बदलला. आई म्हणायची, जिथे चिखल चकाकतो तिथे त्याला तळ नाही. गाडी चकाकीत शिरली आणि बसली. म्हैस डबक्यात बसते तशी, समाधानाने.

ह्यांनी गॅस वाढवला. मागची चाकं गरगर फिरली आणि आणखी आत गेली. भावोजी खाली उतरले आणि मांडीपर्यंत गेले. ह्यांनी विंचचा दोर सोडला, भावोजींनी तो तिवराच्या झुडपाकडे फेकला. दोर पाच हात कमी पडला. परत फेकला. परत पाच हात कमी. अंतर तेच होतं, दोर तोच होता, तरी त्यांनी चारदा फेकून बघितला.

"अरे, अजून चार तास आहेत," हे भावोजींना म्हणाले. "आरामात काढू."

मी त्यांच्याकडे बघत नव्हते. खाडीचं पाणी समोरून येतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. चिखलात नाळी असतात, अरुंद, वाकड्या. पाणी आधी त्या नाळींतून आपल्या मागे येतं आणि मग आजूबाजूला पसरतं. बांध आणि गाडी यांच्यामध्ये एक नाळ होती. मघाशी कोरडी होती. आता तिच्यात पाणी चालत होतं, कुणाला न सांगता.

"वहिनी!" भावोजींनी हाक मारली. "ती फळी आणा! चाकाखाली घालू, ग्रिप मिळेल!"

"टाक गं इकडे!" हे ओरडले. "सरकवून दे!"

मी फळी उचलली. चाकाखाली घातली तर काय होणार हे मला दिसत होतं. चाक गरगर फिरणार, लोखंडी इंजिनाचं वजन त्या खळग्यावर येणार, फळी एक तर मोडणार नाही तर चिखलात आत जाणार, आणि चिखल एकदा घेतलेलं परत देत नाही. शिवाय त्यांची गाडी निघणार नव्हतीच. आणि ती माणसं? त्यांना परत आणायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. एकच फळी होती. ती गाडीखाली जाईल किंवा माणसांखाली.

मी बांधावरून म्हटलं, "नाही."

हळूच म्हटलं असावं, कारण कुणाला ऐकू आलं नाही. "काय?" हे म्हणाले.

"फळी चाकाखाली जाणार नाही!" मी ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. तिवरातले दोन बगळे उडाले.

मोबाईल मी डब्याला टेकवून उभा ठेवला. बंद करायला सुचलं नाही. लुगडं आई नेसायची तसं साडीचा काष्टा घातला, चपला बांधावर काढल्या आणि गुडघा खळग्यात टेकला. चौतीस वर्षं तिथे हळद होती. गुडघा बरोबर बसला. पहिल्या दोन ढकली चुकल्या, कंबरेने शिव्या घातल्या, तिसरीला फळी सरकली. मग पायाला आठवलं. डोक्याला आठवायच्या आधी पायाला आठवलं.

भावोजी तोंड उघडं ठेवून बघत होते. "वहिनी, तुम्ही हे... कधी?"

"बोलू नका. उभे राहू नका. पोटावर आडवे व्हा."

"इथे? चिखलात?"

"चिखलासाठीच आलात ना?"

ते आडवे झाले. पाय हळूहळू, एकेक करून, गोल फिरवत काढायला लावले. झटका दिला की चिखल आणखी धरतो. त्यांचा एक बूट आत राहिला, त्यावर ते हळहळले. फळीवर छातीने पालथे पडले, मी मागून कड धरून गुडघे सरकवत ढकललं. नाळीतलं पाणी फळीखाली आलं तेव्हा काम हलकं झालं. बांधाला हात लागताच ते वर चढले आणि दगडावर बसून म्हणाले, "त्याला आणा." मी त्याचसाठी चालले होते, पण सूचना केली की पुरुषाला बरं वाटतं.

परत गेले तेव्हा पाणी गाडीच्या चाकांना लागलं होतं. हे सीटवर बसून होते. दोन्ही हातांनी हँडल धरलेलं.

"चला," मी म्हटलं.

"गाडी?"

"राहू दे."

"अगं, राहू दे काय? फळी दे, एकदा ट्राय करतो. एकदाच. दोनपर्यंत वेळ आहे."

"दोनला पाणी तुमच्या डोक्यावरून असेल. आठला ओहोटी संपली. तेव्हापासून भरतीच चालू आहे."

ह्यांनी खाली बघितलं. पाण्यात त्यांची ठिपक्याची पँट घोट्यापर्यंत भिजली होती. हे पोहत नाहीत. लालबागच्या माणसाला पोहायचा प्रसंग गणपतीच्या विसर्जनातही येत नाही, गुडघ्यापर्यंत जातो आणि मागे फिरतो.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तुम्ही पाण्याच्या बाटल्या घ्यायला लावल्यात."

तरी ते उतरेनात. हँडल सोडवेना. चाळीस वर्षं मशीन सोडून जायचं नाही, दुसऱ्या शिफ्टचा माणूस येईपर्यंत उभं राहायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मला एकदम ते कळलं, आणि रागही आला, आणि मी म्हटलं, "गाडी ड्यूटीवर राहील. तुमची शिफ्ट संपली. उतरा."

मग ते उतरले. पोटावर आडवे झाले. त्यांची छाती बरोबर खळग्यावर आली. मी ढकलत होते आणि पाणी फळी उचलत होतं. त्यांनी एकदाच मान वळवून विचारलं, "जड होतोय का?" मी ढकलत राहिले. प्रश्न चौतीस वर्षं उशिरा आला होता आणि मला दम लागला होता.

बांधावर तिघं बसलो. पाणी वाढत गेलं. आधी चाकं गेली, मग सीट, मग हँडल. शेवटी फक्त बंदुकीची दांडी आणि तिच्यात अडकवलेली छत्री दिसत होती. छत्री जाताना भावोजींनी शिकारीची टोपी काढली. मी डबा उघडला. घावणे सगळे खाल्ले गेले. शिकार म्हणाल तर एक चिंबोरी माझ्या काष्ट्यात अडकून आली होती, बोटाएवढी. तिला सोडून दिलं.

सोमवारी सकाळी ओहोटीला टेम्पोवाल्याने चार हमाल आणि जाड दोरखंड आणून गाडी ओढून काढली. तेव्हा ती निघाली, कारण आपण काय करतोय ते त्या चार हमालांना माहीत होतं. आता ती परत जिन्याखाली आहे. खारं पाणी आत गेलंय, सुरू होत नाही. सीटखालच्या खणात मांजरीने पिल्लं घातली आहेत. सेक्रेटरी म्हणतात, चाळीत आल्यापासून गाडीचा हा पहिला उपयोग.

आणि ग्रुपवर ह्यांचा अनुभव आला. "रविवारी खाडीत मशीनची खरी टेस्ट घेतली. कठीण परिस्थितीत न डगमगता निर्णय घेतला. पूर्ण दिवस पाण्याखाली राहूनही गाडीची बॉडी जशीच्या तशी. जबरदस्त मशीन." सोबत व्हिडिओ. मोबाईल डब्याला टेकून सगळं काढत राहिला होता, पण ह्यांनी नातवाकडून तो कापून घेतला. चिखल उडतोय, दोघं ओरडतायत, गाडी बसते, आणि संपतं. अंगठे खूप आले.

पण नातवाने कापताना एक क्षण जास्त ठेवला. शेवटी पडद्याच्या कोपऱ्यात फळीचं वळलेलं टोक सरकत येतं. त्याच नगरवाल्याने, ज्याला नळ दिसला होता, विचारलं, "भाऊ, ती फळी कसली? आमच्याकडे पण लागेल. कुठे मिळते?"

हे मोबाईल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. मी भाजी निवडत होते.

"अगं, ती फळी तुझ्या आईने कुठून आणलेली?"

"शिवडीकडच्या दारूखान्यातून. तिथे जुन्या होड्या तोडायचे. तिने त्यातली निवडून आणली आणि पुढचं टोक निखाऱ्यावर धरून वाकवलं. महिनाभर रोज थोडं थोडं."

"तिने? स्वतः?"

"मग काय माणूस लावला होता?"

ह्यांनी तिथेच उभ्याने बोटाने टाइप केलं. नंतर मी वाचलं, बोट धरून. लिहिलं होतं, "विकत मिळत नाही. घरची आहे." कुणाच्या घरची, ते लिहिलं नव्हतं. पण चुकीचंही काही लिहिलं नव्हतं, आणि ह्यांच्या अनुभवात असं एक वाक्य मला पहिल्यांदाच सापडलं.

आठवडा उशिरा का होईना, कबूल केल्याप्रमाणे रविवारी हे हातोडी आणि खिळे घेऊन आले, फळी परत भिंतीला ठोकायला. मी फळी धुऊन, तेल लावून दाराआड उभी केली होती. मी म्हटलं, "नको." ह्या वेळी एकदाच म्हटलं आणि ऐकू गेलं. त्यांनी हातोडी ठेवून दिली.

बरण्या आता जमिनीवर असतात, ओट्याखाली एका रांगेत. सकाळी चहाला आत येताना ह्यांच्या पायाला रोज हळदीची बरणी लागते. आई गं म्हणतात, बरणी सरळ करतात आणि चहा घेऊन बाहेर जातात.